अठ्ठावीस दिवसांचा महिना आणि आपला रिचार्ज

सोलापूरची नवी पेठ असो की विजापूर वेस, मोबाइलच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं की एक संवाद हमखास कानावर पडतो. "काय ओ, परवापर्यंत दोनशे एकोणचाळीसला बसत होतं की!" आणि काउंटरच्या मागून थंडपणे उत्तर येतं, "काका, ते गेलं. आता दोनशे नव्याण्णव." काका पुटपुटतात, पैसे देतात आणि जातात. अठ्ठावीस दिवसांनी परत तेच.

काकांचा राग खोटा नाही. जिओचा दिवसाला दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन डिसेंबर २०२१ च्या आधी १९९ रुपयांना होता. तो २३९ झाला आणि ३ जुलै २०२४ पासून २९९. तीन वर्षांच्या आत दीडपट. त्याच आठवड्यात एअरटेल आणि व्हीआयनेही (व्होडाफोन आयडिया) दर चढवले. चिडलेल्या लोकांनी तेव्हा बीएसएनएलकडे धाव घेतली. मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या आकड्यांनुसार त्या एका जुलै महिन्यात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले आणि बाकी तिघांचे घटले. पुढे रेंजच्या अनुभवाने त्यातले बरेच परतलेही.

दर कमी करा म्हणून सरकारकडे दाद मागावी, तर तीही सोय फारशी नाही. मोबाइलचे दर ट्राय ठरवून देत नाही. कंपन्या स्वतः ठरवतात आणि नंतर ट्रायला कळवतात. म्हणजे २९९ चे २३९ करून घेणं आपल्या हातात नाही. वर्षाकाठी घरातून किती रुपये जातात ते मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात आहे, आणि खाली जे सांगितलंय ते त्या वर्षाच्या आकड्याबद्दल आहे. प्लॅनचे दर सारखे बदलतात, त्यामुळे इथले आकडे हिशेबाची रीत कळण्यासाठी घ्या आणि रिचार्ज मारण्याआधी आजचा दर बघा.

आधी वर्षाचा आकडा काढा

पहिलं काम कागद-पेनाचं. घरात चालू असलेली सगळी सिम लिहून काढा. आजीच्या बटणाच्या फोनमधलं, मुलाच्या जुन्या फोनमधलं आणि 'बँकेला जोडलंय म्हणून' चालू ठेवलेलं तिसरं कार्डसुद्धा. प्रत्येकापुढे प्लॅनची रक्कम आणि दिवस लिहा. मग रकमेला दिवसांनी भागा आणि ३६५ ने गुणा. दुसरं काही लागत नाही.

२९९ भागिले २८ म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे, वर्षाला साधारण ३,९००. 'महिन्याला तीनशे म्हणजे वर्षाला छत्तीसशे' असा आपला अंदाज असतो आणि तो तीनशे रुपयांनी चुकतो. कारण वर्षात २८ दिवसांचे बारा नाही, तेरा महिने बसतात. तेरावा रिचार्ज कुणाच्याच हिशेबात नसतो.

लोकांनी यावर बरीच ओरड केली, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने नियम केला. प्रत्येक कंपनीने किमान एक ३० दिवसांचा आणि किमान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवलाच पाहिजे. हे प्लॅन आहेत, पण कुणी पुढे करत नाही. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा दिवसाला दीड जीबीचा, पूर्ण कॅलेंडर महिन्याचा प्लॅन ३१९ ला होता. वरवर २९९ पेक्षा वीस रुपये महाग. पण ३१९ गुणिले १२ म्हणजे ३,८२८. वर्षाला सत्तर रुपये स्वस्त, शिवाय तारीख पक्की. पगार ज्या तारखेला होतो त्याच तारखेला रिचार्ज.

आता त्याच दीड जीबीचा ८४ दिवसांचा प्लॅन घ्या. त्याच दरवाढीनंतर जिओचा तो ७९९ ला होता. दिवसाला साडेनऊ रुपये, वर्षाला सुमारे ३,४७०. २८ दिवसांच्या तुलनेत एका सिममागे चारशेच्या वर वाचले, आणि वापर तोच. एअरटेलचा तसाच प्लॅन ८५९ चा, म्हणजे दिवसाला सव्वादहाच्या आसपास. त्यामुळे 'मोठा प्लॅन स्वस्तच पडतो' हे आंधळेपणाने धरू नका. भागाकार करा, मग ठरवा.

इथे एक खरी अडचण आहे. ज्याच्या हातात आठवड्याचा पगार पडतो, त्याला एकरकमी आठशे रुपये काढणं जड जातं. यंत्रमागावर काम करणारे, विड्या वळणाऱ्या बाया, रोजंदारीवरची माणसं छोटा रिचार्ज घेतात ते हिशेब कळत नाही म्हणून नव्हे, तर तेवढी रक्कम एका वेळी हातात नसते म्हणून. म्हणजे ज्याच्याकडे कमी, तोच जास्त भरतो. कंपन्यांचा हा दर मला सगळ्यात टोचतो. यावर उपाय एकच. ८४ दिवस म्हणजे बरोबर बारा आठवडे. ७९९ ला बाराने भागलं की आठवड्याला ६७ रुपये. भिशीचा हप्ता टाकतो तसे दर आठवड्याला सत्तर रुपये वेगळ्या डब्यात. पहिले बारा आठवडे दोन्ही ओझी अंगावर येतात, तेवढी कळ काढावी लागते. मग गाडी रुळावर येते.

यादी झाली की सगळ्या सिमची बेरीज करा आणि सिमच्या संख्येने व बाराने भागा. जून २०२५ ला संपलेल्या तिमाहीत एअरटेलला एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी २५० रुपये मिळत होते आणि जिओला २०८ च्या वर. तुमच्या घराची सरासरी यापेक्षा बरीच वर असेल, तर कात्री लावायला जागा आहे.

कोण किती नेट वापरतं ते बघा

'मला दोन जीबीपण पुरत नाही' असं म्हणणारा माणूस आणि खरोखर दोन जीबी न पुरणारा माणूस, हे दोघं बहुतेक वेळा वेगळे असतात.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा सिमच्या विभागात 'डेटा वापर' सापडतो. तिथे महिन्याचा एकूण वापर आणि कुठल्या ॲपने किती खाल्लं, दोन्ही दिसतं. कंपनीच्या ॲपवर रोजचा वापरही दिसतो. चार आठवड्यांचा आकडा घ्या, एका दिवसाचा नको. क्रिकेटची मॅच किंवा गड्ड्याच्या जत्रेत घेतलेले व्हिडिओ पाठवायचा दिवस, यावरून वर्षाचा प्लॅन ठरवू नये.

दीड जीबीच्या २८ दिवसांच्या प्लॅनमध्ये तुम्ही ४२ जीबीचे पैसे भरता. म्हणजे एका जीबीला सात रुपये. वापर ११ जीबी असेल तर तोच जीबी तुम्हाला २७ रुपयांना पडला. उरलेले ३१ जीबी रोज रात्री बाराला थोडे थोडे बाद होत गेले. रोजचा कोटा असतो, तो पुढे जात नाही. व्हीआयच्या काही प्लॅनमध्ये आठवडाभर उरलेलं नेट शनिवार-रविवारी वापरता येतं, काहींत रात्रीचं नेट मोकळं असतं. व्हीआय असेल तर आपल्या प्लॅनमध्ये ते आहे का, एवढं तपशिलात वाचून घ्या.

उलट बाजूही बघा. कोटा संपला म्हणून एक जीबीचं छोटं पॅक मारणं ही सगळ्यात महागडी सवय. जिओचं १ जीबीचं पॅक दरवाढीनंतर १९ रुपयांना झालं आणि पुढे त्याची मुदत एका दिवसावर आली. आधी ते मूळ प्लॅन संपेपर्यंत चालायचं. एअरटेलचं २२ ला. महिन्यातून चारदा हे पॅक मारत असाल, तर सरळ वरचा प्लॅन घेतलेला परवडतो. महिन्यातून एकदाच लागत असेल, तर वरचा प्लॅन घेणं चुकीचं.

गळती बंद करायच्या चार जागा

प्लॅन बदलण्याआधी गळती बघा, नाहीतर गळक्या वापरावरच नवा प्लॅन ठरेल.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' आहे. तिथे मोबाइल डेटावर फोटो, व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. पाहुण्यांच्या तीन ग्रुपवर सकाळी येणारे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ कुणी उघडत नाही, पण डेटा खातात. प्ले स्टोअरमध्ये ॲपचं आपोआप अपडेट होणं फक्त वायफायवर ठेवा. गुगल फोटोजचा बॅकअप मोबाइल डेटावर बंद करा.

चौथी आणि सगळ्यात मोठी जागा यूट्यूबची. विड्या वळताना, स्वयंपाक करताना, शिलाई मशिनवर बसताना शेजारी फोन ठेवून भजनं किंवा मालिका लावायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. बघायचं काहीच नसतं, ऐकायचं असतं. तरी चित्र मात्र चांगल्या प्रतीचं वाहत असतं. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओच्या दर्जासाठी 'डेटा सेव्हर' निवडा किंवा चालू व्हिडिओला १४४ वर आणा. आवाजात फारसा फरक पडत नाही. मोठ्या दर्जाचा एक तास एक जीबीच्या वर सहज जातो, साध्या ४८० वर साधारण अर्धा जीबी लागतो आणि १४४ वर त्याहून कितीतरी कमी. आईच्या किंवा आजीच्या फोनमध्ये हे एकदा करून द्या.

प्रत्येक नंबरचं काम ठरवा

सगळ्या घराला एकच प्लॅन ही दुकानदाराची सोय आहे, तुमची नाही. माझ्या मते घरातले नंबर तीन प्रकारचे असतात.

पहिला, फक्त बोलण्याचा. आजोबांचा बटणाचा फोन, गावाकडच्या काकूंचा नंबर. यांच्यासाठी अनेक वर्षं नेटचे पैसे भरावेच लागत होते. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ग्राहक संरक्षणाच्या नियमांवर लोकांची मतं मागवली. २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन ठेवणं बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. २०२५ च्या सुरुवातीला हे प्लॅन आले. एअरटेलचा ४६९ ला ८४ दिवस आणि १,८४९ ला ३६५ दिवस. जिओचा ४४८ ला ८४ दिवस आणि १,७४८ ला ३३६ दिवस. भागाकार केला तर सगळे दिवसाला पाच ते साडेपाच रुपयांच्या घरात. २९९ च्या निम्मे. नेट काढून घेतल्यावर किंमत याहून खाली यायला हवी होती, ही लोकांची तक्रार मला रास्त वाटते. तरी वर्षाला दोन हजार वाचतात ते वाचतातच. ॲपवर हे प्लॅन पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली 'व्हॅल्यू' किंवा 'फक्त व्हॉइस' अशा नावाखाली शोधावे लागतात.

दुसरा, थोड्या नेटचा. व्हॉट्सॲप, कधीतरी यूपीआय, ओटीपी. इथे रोजच्या कोट्याऐवजी महिन्याला मिळून दोन-तीन जीबी देणारे प्लॅन बघा. दरवाढीनंतर जिओचा २ जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन १८९ ला आणि एअरटेलचा १९९ ला होता. एअरटेलचा वर्षभराचा ३० जीबीवाला प्लॅन २,२४९ चा. म्हणजे फक्त व्हॉइसपेक्षा चारशे रुपये जास्त आणि वर्षभर महिन्याला अडीच जीबी. बाजारात क्यूआरवर पैसे घेणाऱ्या किंवा देणाऱ्या माणसाला हा मधला रस्ता बरा. कारण फक्त व्हॉइसच्या प्लॅनवर घराबाहेर फोनपे चालत नाही, आणि हे मंगळवार बाजारात उभं राहिल्यावर कळून उपयोग नाही.

ओटीपीचं मात्र उगाच भय घेऊ नका. लाडकी बहीणचं केवायसी, गॅसचा कोड, बँकेचा मेसेज हे सगळं एसएमएसने येतं आणि त्याला नेट लागत नाही. नेट नसलेला नंबरही ओटीपी घेतो. नंबर बंद पडू द्यायचा नाही, एवढंच पथ्य.

तिसरा, भरपूर नेटचा. केगावला विद्यापीठात जाणारी मुलगी, घरून काम करणारा मुलगा, फोनवरून माल विकणारा चादर-टॉवेलचा व्यापारी. इथे कंजुषी करू नये. फक्त एक बघा. 'अनलिमिटेड फाइव्हजी' साधारणपणे दिवसाला दोन जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनवरच मिळतं. तुमचा फोन फाइव्हजीचा असेल आणि तुमच्या गल्लीत फाइव्हजीची रेंज येत असेल, तर हा प्लॅन सोनं आहे. कारण फाइव्हजीवरचा वापर रोजच्या कोट्यात धरला जात नाही. फोन फोरजी असेल, तर त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिवसाला एक जीबीचा २४९ चा प्लॅन जिओ आणि एअरटेलने आपल्या ॲपवरून काढला आणि २८ दिवसांच्या रोजच्या कोट्याची सुरुवात २९९ पासून झाली. जिओने तेव्हा ट्रायला सांगितलं की हा प्लॅन दुकानात मिळतो. ॲपवर नाही म्हणजे बंदच झाला असं धरू नका. जुळे सोलापूरच्या किंवा अशोक चौकातल्या दुकानात जाऊन आकडा सांगून विचारा. बिचारा दुकानदार कमिशनवर जगतो, पण स्वस्त प्लॅन स्वतःहून सांगेलच असं नाही.

घरात वायफाय घ्यावं का

हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर सगळे 'हो' देतात. हिशेब तसं सांगत नाही.

जिओ फायबरचा सुरुवातीचा प्लॅन ३९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ४७१. वर्षाला साधारण ५,६५०. गल्लीतल्या केबलवाल्याचं कनेक्शनही बहुतेक याच्या आसपास असतं. आता वायफाय आल्यामुळे एक नंबर २९९ वरून फक्त व्हॉइसवर आणला, तर वर्षाला साधारण २,०५० वाचतात. दोन नंबर आणले तर ४,१००. वायफायचे पैसे निघत नाहीत. तीन आणले तर ६,१५० आणि मगच पारडं फिरतं. म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ घरात असणारी तीन माणसं असतील तर वायफाय परवडतं. दोघंच असाल, किंवा मुलगा पुण्यात आणि बाप दिवसभर एमआयडीसीत असेल, तर वायफाय घेऊन खर्च वाढेल. मुलांचा अभ्यास, टीव्ही, घरून काम यासाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण रिचार्ज वाचेल म्हणून नको.

एक फायदा मात्र हिशेबात येत नाही. अक्कलकोट रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात रेंज मरते. तिथे वायफाय कॉलिंग चालू केलं की फोन नीट लागतो. बहुतेक नव्या फोनमध्ये ही सोय असते आणि वेगळे पैसे पडत नाहीत.

पोस्टपेडबद्दल थोडक्यात. जाहिरातीत ४४९ लिहिलेलं असतं, त्यावर जीएसटी धरून ५३० होतात. प्रीपेडच्या आकड्यात कर आधीच धरलेला असतो. दोन्हींची तुलना करताना हे विसरलं की फसगत होते.

कंपनी बदलायची असेल तर

रागाच्या भरात पोर्ट मारू नका, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलू नका. नव्या कंपनीचं सिम असलेला कुणीतरी शोधा. त्याला तुमच्या घरात, कामाच्या जागी आणि रोजच्या रस्त्यावर कॉल करायला आणि व्हिडिओ लावायला सांगा. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर रेंजचे नकाशे असतात, पण नकाशा घराच्या मधल्या खोलीचं सांगत नाही. बीएसएनएलने जुलै २०२४ मध्ये दर वाढवले नाहीत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिचं देशी फोरजी जाळं देशभर सुरू झालं. तरी निर्णय तुमच्या गल्लीतली रेंज बघूनच घ्या. मुख्य नंबर हलवण्याआधी दुसऱ्या सिमवर महिनाभर चालवून बघितलेलं उत्तम.

रेंज पटली, की पुढची कृती अशी.

इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट', मोकळी जागा, मग आपला दहा आकडी नंबर असा एसएमएस १९०० ला पाठवा. उलट आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पोर्ट व्हायला तीन कामाचे दिवस लागतात. नंबर कर्नाटकातला असेल, जसं विजयपूर किंवा कलबुर्गीहून लग्न होऊन आलेल्या सुनेचा, तर पाच. मधे काही तास फोन बंद राहतो. ते बहुधा रात्री होतं.

हा कोड म्हणजे ओटीपीच समजा. फोनवर कुणी मागितला तर देऊ नका.

कोड मिळत नसेल तर कारणं ठरलेली आहेत. सिम घेऊन ९० दिवस झाले नसतील, पोस्टपेडचं बिल थकलं असेल, नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज अडकला असेल किंवा गेल्या सात दिवसांत सिम बदलून घेतलं असेल. हा सात दिवसांचा नियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. सिम चोरून नंबर पळवणाऱ्यांना आळा घालण्यासाठी तो आला. जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस आणि बॅलन्स पोर्टसोबत येत नाहीत. म्हणून वर्षाचा रिचार्ज मारून तिसऱ्या महिन्यात पोर्ट करणं म्हणजे पैसे सोडणं. प्लॅन संपायला पाच-सहा दिवस असताना मेसेज पाठवा. या काळात जुन्या कंपनीतून 'थांबा, तुम्हाला खास ऑफर देतो' असा फोन आला, तर ऑफर मेसेजवर पाठवायला सांगा. मेसेज येत नाही, तोवर ऑफर नाही.

जास्तीची सिम

बऱ्याच घरांत एखादं सिम नुसतं पडून असतं आणि त्यावर वर्षाला हजार-दोन हजार जातात. ते कशाला जोडलंय ते आधी शोधा. बँक, गॅस, आधार, पीएफ हे सगळं मुख्य नंबरवर घ्या आणि मगच ते सोडा. ९० दिवस काहीच वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते. खात्यात किमान २० रुपये असतील तर २० कापून आणखी ३० दिवस तो राखला जातो. एकदा गेला की तो नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो. बँकेला जोडलेला नंबर असा दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

रिचार्ज कुठून मारायचा, याला फार महत्त्व नाही. काही पेमेंट ॲप दोन-तीन रुपये जादा लावतात. पैसे देण्याआधीच्या पानावर ते दिसतात. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर सहसा लागत नाहीत. दुकानदार 'नेटचे चार्जेस' म्हणून पाच-दहा रुपये वर मागत असेल, तर द्यायची गरज नाही. त्याचं कमिशन कंपनी देते.

पैसे चुकीचे कापले गेले तर

दर जास्त आहे, ही तक्रार कुठेही नोंदवून घेत नाहीत. पण न मागितलेली कॉलर ट्यून चालू झाली, रिचार्ज झाला आणि प्लॅन लागला नाही, जाहिरातीत एक आणि हातात दुसरंच आलं, पोर्ट विनाकारण नाकारलं, यासाठी रस्ता आहे. तो क्रमाने चालायचा.

सुरुवात १९८ ला फोन करून. हा सगळ्या कंपन्यांचा तक्रारीचा फुकट नंबर आहे. तक्रार नोंदली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मेसेजने आलाच पाहिजे. तो आल्याशिवाय फोन ठेवू नका. 'बघतो साहेब' म्हणजे तक्रार झाली असं नाही. न मागितलेली सेवा बंद करायला १५५२२३ ला इंग्रजीत 'स्टॉप' असा मेसेज करा आणि कापलेल्या पैशांची तक्रार वेगळी करा.

उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं, ३० दिवसांच्या आत. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, पैसे लागत नाहीत. अपील ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. ही पायरी लोक गाळतात आणि थेट समाजमाध्यमांवर चिडतात. कागदावर अपील असलं की पुढे कुठेही वजन पडतं. ट्रायला पत्र लिहू नका, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. तिथेही जमलं नाही तर सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 'मोबाइलचं प्रकरण ग्राहक आयोगात चालत नाही' असं कंपन्यांचे वकील वर्षानुवर्षं सांगत आले. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्याच एका प्रकरणात हा मुद्दा निकाली काढला. चालतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. २९९ रुपयांसाठी आयोगात जाणं सगळ्यांना झेपणार नाही, हे मान्य. पण त्याच कारणाने गल्लीतल्या दहा जणांचे पैसे गेले असतील, तर गोष्ट वेगळी होते.

पुरावा म्हणून रिचार्जचा मेसेज, त्या वेळी ॲपवर दिसलेल्या प्लॅनचा स्क्रीनशॉट आणि डॉकेट नंबर जपा. प्लॅनचा स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधी काढायचा, कारण महिन्याभरात ते पान बदललेलं असतं.

आणि ट्राय पुढच्या वेळी लोकांची मतं मागवेल, तेव्हा चार ओळी लिहून पाठवा. ईमेल चालतो. नेटशिवायचे प्लॅन मतं मागवूनच आले. आता त्यांची किंमत खाली यावी आणि आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्याला २८ दिवसांतही ८४ दिवसांचा दर मिळावा, हे कुणीतरी तिथे लिहायला हवं.